परत सांग

आमच्या घरात कुणाला काही काम सांगितलं की ते त्याच्याकडून परत वदवून घ्यायची पद्धत होती. अण्णांनी ती फौजेतून आणली. ते सिग्नलमध्ये ऑपरेटर होते. वायरलेसवर आलेला संदेश उतरवून घ्यायचा, तो पाठवणाऱ्याला शब्द न् शब्द परत वाचून दाखवायचा, आणि त्यानं बरोबर म्हटल्याखेरीज संदेश मिळाला असं धरायचंच नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. पेन्शनवर साताऱ्याला आले तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि धाकटा भाऊ सहा. तेव्हापासून आम्ही दोघं घराबाहेर पडण्याआधी दारात उभं राहून परत सांगायचो. अर्धा किलो शेंगदाणे, पाव किलो गूळ, एक काडेपेटी, आणि येताना शिंप्याला विचारायचं झालं का. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या मुली बाहेर खिदळत उभ्या असायच्या आणि मला अण्णांचा मनस्वी राग यायचा.

भावाला राग यायचा नाही. त्याला ते जमायचं. पाहुण्यांसमोर अण्णा त्याला बारा-पंधरा आकडे सांगायचे आणि तो घडाघडा म्हणून दाखवायचा, मग पाहुणे वा वा करायचे. आता तो एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि पाळी बदलताना कामगारांकडून सगळ्या सूचना परत म्हणवून घेतो. आईला मात्र हे कधीच जमलं नाही. अण्णा सांगायचे एक आणि ती परत सांगायची त्यात आपल्या चार गोष्टी घालून. अण्णा कपाळाला हात लावायचे.

हे सगळं सांगायचं कारण असं की, याच पद्धतीच्या आधारानं आम्ही दोघा भावंडांनी गेल्या वर्षी आई आणि अण्णांना दोन वेगळ्या गावी ठेवायचं जवळजवळ पक्कं केलं होतं. त्यात माझी चूक भावापेक्षा मोठी होती, कारण मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं.

मी सांगलीला विश्रामबागेत राहते आणि कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. स्मृतीचं प्रकरण आलं की माझे दोन तास मजेत जातात. मुलांना मी चार शब्द सांगते: माळ, गाळ, टाळ, जाळ. मग दुसरे चार: पेरू, कुलूप, रस्ता, मीठ. दुसरे चार सगळ्यांना क्रमानं सांगता येतात, पहिल्या चारांत घोळ होतो. मग त्यांना कळतं की, ऐकलेलं आपण आधी अर्थ म्हणून ठेवत नाही, आवाज म्हणून ठेवतो, आणि सारखे आवाज एकमेकांत मिसळतात. हा आवाज मनात सेकंद-दोन सेकंद टिकतो. त्याहून जास्त टिकवायचा तर तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहावं लागतं. दुकानापर्यंत यादी घोकत जाणाऱ्या पोराला वाटेत कुणी 'कुठं चाललास रं?' म्हणून विचारलं की यादी जाते, ती याचमुळे. मुलांना शब्द देऊन वर 'एक-दोन, एक-दोन' असं सतत म्हणायला लावलं तर त्यांचीही यादी अशीच जाते. तोंड दुसऱ्या कामात गुंतलं की मनातलं पुटपुटणं बंद पडतं.

एकदा जतकडची एक मुलगी वर्गात होती. घरी कानडी, शाळेत मराठी. मी काही अर्थहीन शब्द सांगितले आणि मग काही कानडी शब्द, तेही बाकीच्यांना अर्थहीनच. बाकीचे अडखळले, तिनं सगळे कानडी शब्द सहज परत सांगितले. जे आवाज तोंडात बसलेले असतात ते मनातही सहज राहतात, एवढंच मला दाखवायचं होतं. पण त्या मुलीचा त्या दिवशी वर्गात भाव वाढला आणि मला बरं वाटलं.

अण्णांना स्वतःला लांबलचक आकडे का जमायचे हेही मला पुढे हे प्रकरण शिकवतानाच कळलं. त्यांच्याकडे येणारे संदेश सांकेतिक असायचे, अक्षरांचे आणि आकड्यांचे नुसते गठ्ठे, त्यात समजण्यासारखं काही नाही. अण्णा म्हणायचे, ऑपरेटरनं अर्थ लावायला जायचंच नाही, लावला की चुकलाच. वीस वर्षं त्यांनी अर्थाच्या वाटेला न जाता नुसता आवाज झेलला होता. घरीही ते आमच्याशी तसंच वागायचे, असं मी कॉलेजात शिकत असताना रागानं म्हणायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर अण्णांना झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि पाय महिनाभरात बराचसा परत आला, पाय थोडा ओढत राहिला. बोलणंही आलं, पण विचित्र आलं. आपलं आपण बोलायचं असलं की अडखळत का होईना ते वाक्य पुरं करायचे. 'खिडकी' म्हणायचं तर 'खिकडी, किडखी' असं दोन-तीनदा चाचपडून बरोबर शब्दावर यायचे. सांगितलेलं मात्र परत म्हणता यायचं नाही. डॉक्टरांनी 'खिडकी उघडी आहे' असं म्हणायला सांगितलं. अण्णांनी खूप प्रयत्न केला, ओठ हलवले, आणि म्हणाले, "वारं येतंय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी काय शिकवते ते त्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी फार समजावलं नाही. ऐकून समजणं वेगळं आणि ऐकलेला आवाज धरून तोंडापर्यंत आणणं वेगळं. अण्णांचं पहिलं शाबूत होतं, दुसरं तुटलं होतं. असे रोगी मी पुस्तकात वाचले होते, वर्गात फळ्यावर काढून दाखवले होते. प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःखाच्या आधी कुतूहल वाटलं.

प्रश्न आला तो आईच्या डोळ्यांमुळे. साखरेनं तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर परिणाम झालेला. तिला बाटलीवरचं वाचता यायचं नाही, इन्शुलिनच्या सिरिंजवरच्या खुणा दिसायच्या नाहीत. हे सगळं गेली चार वर्षं अण्णा करत आले होते. सकाळचं इंजेक्शन, डोळ्यांतले थेंब, संध्याकाळी पेपर वाचून दाखवणं. दोघं आपल्या दोन खोल्यांच्या घरात राहायचे, भाऊ साताऱ्यातच पलीकडच्या टोकाला. अण्णा घरी आल्यावर आठच दिवसांत आई म्हणाली की ते सगळं पूर्वीसारखंच करतायत, काळजी करू नका. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

भाऊ कारखान्यातून अण्णांना फोन करायचा. डाव्या डोळ्यात सकाळी दोन थेंब, उजव्यात संध्याकाळी एक, इन्शुलिन अमुक इतकं, आता परत सांगा. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा, मग एखादा अर्धा शब्द. भाऊ पुन्हा सांगायचा, आणखी मोठ्यानं. तो वाईट माणूस नाही. त्याला लहानपणापासून एकच गोष्ट शिकवली होती, की परत सांगता आलं नाही म्हणजे मिळालं नाही. ज्यांनी शिकवली त्यांच्यावरच तो ती लावत होता. मी त्याला सांगून बघितलं की समजणं आणि परत म्हणणं या दोन वाटा आहेत. तो म्हणाला, अक्का, तुझं पुस्तकातलं असेल ते, उद्या आईला जास्त इन्शुलिन गेलं तर पुस्तक येणार आहे का.

यापेक्षा वाईट म्हणजे अण्णांना भावाचंच पटलं. फोन वाजला की ते आईकडे सरकवायला लागले. मी एकदा घ्या म्हणून फार आग्रह केला तेव्हा म्हणाले, "मी आता लायनीवर न्हाई. आईला सांग." सत्तर वर्षांचा माणूस आपल्याच नियमानं आपल्याला नापास करून बसला होता. आई कानाडोळा करायची. ती फोनवर आमचं सगळं ऐकून घ्यायची आणि ठेवला की अण्णांना पहिल्यापासून सांगायची, हे मला नंतर कळलं.

एका शनिवारी मी साताऱ्याला गेले आणि जेवणं झाल्यावर अण्णांसमोर खुर्ची घेऊन बसले. मी त्यांची चाचणी घेतली. वर्गात घेते तशी, त्याच संथ आवाजात. सात, चार, नऊ. अण्णांनी डोळे मिटले. "सात," म्हणाले. मग पुन्हा, "सात." मग बराच वेळ थांबून, "तीन हुते." आकडे किती होते ते त्यांना बरोबर कळलं होतं, फक्त आकडे गेले होते. मी वहीत टिपून घेतलं. मान वर केली तर ते चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते, आणि काच कधीची स्वच्छ झाली तरी पुसतच राहिले. मला स्वतःची लाज वाटली. वही मी पर्समध्ये टाकली आणि भांडी घासायला आत गेले.

संध्याकाळी मी मटार सोलत होते, अण्णा शेजारी बसले होते. सहज बोलल्यासारखं मी त्यांना सांगितलं की, डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध बदललंय, उद्यापासून डावीकडचे थेंब बंद आणि उजवीकडचे दिवसातून तीनदा. औषध खरंच बदललं होतं, आणि आईला मी ते अजून सांगितलं नव्हतं. परत सांगा म्हटलं नाही. अण्णा 'हं' म्हणाले आणि एक शेंग उचलून सोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम काही बोलले नाही, नुसतं बघितलं. सकाळी त्यांनी आईला खुर्चीत बसवलं, उजव्या डोळ्यात थेंब घातला, डाव्याला हात लावला नाही. डावीकडची बाटली त्यांनी कपाटात मागच्या रांगेत ठेवून दिली होती. दुपारी पुन्हा उजव्यात. संध्याकाळच्या गाडीला मी निघाले तेव्हा ते तिसऱ्यांदा थेंब घालत होते, थरथरणारा उजवा हात डाव्या हातानं धरून.

सोमवारी वर्गात मी हे उदाहरण म्हणून सांगितलं. नाव न घेता, एक वयस्क गृहस्थ, म्हणून. मुलं मन लावून ऐकत होती, दोघीतिघींनी लिहूनही घेतलं. चाळीस मुलांना सांगितलं आणि भावाला सांगितलं नाही.

का नाही, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. आईच्या डोळ्यांत दर महिन्याला इंजेक्शन द्यायचं होतं आणि ते सांगलीत होणार होतं, म्हणून आई माझ्याकडे आणि अण्णा भावाकडे, असं आमचं चाललं होतं. अण्णा सगळं समजून करतात असं एकदा मान्य केलं की त्यांना आईपासून तोडायला कारण उरत नव्हतं. मग दोघंही माझ्याकडे आले असते. माझं घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ही झाली सांगायची कारणं. खरं असं की, मी पंधरा वर्षं एकटी राहतेय आणि मला ते आवडतं. आई एकटी आली असती तर माझ्या घरात मुरून गेली असती. अण्णा आले असते तर मी पुन्हा दहा वर्षांची झाले असते. तेव्हा भाऊ जे म्हणत होता ते मला सोयीचं होतं, आणि मी गप्प राहिले.

पुढच्या महिन्यात ठरवायला म्हणून मी साताऱ्याला गेले. रविवारची सकाळ होती, चहा झाला होता. आईची पिशवी आदल्या दिवशीच भरून दाराशी ठेवलेली होती, चार साड्या, औषधांचा डबा, शाल. भावानं खुर्ची ओढून अण्णांच्या समोर घेतली. तो चांगलं बोलला. त्याला सवय आहे. आईच्या डोळ्यांसाठी तिला थोडे दिवस अक्काकडे ठेवू, तुमची सोय माझ्याकडे करू, सूनबाई आहे, नातवंडं आहेत, तुम्हालाही करमेल, घराचं मग सावकाश बघू. सगळं सावकाश, एकेका वाक्यानंतर थांबून. आई पलंगावर बसून होती, मी भिंतीला टेकून उभी होते. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत होते.

बोलून झाल्यावर भाऊ म्हणाला, "अण्णा, आता परत सांगा बरं."

तो मुद्दाम म्हणाला नाही. त्याच्या तोंडून ते आपोआप येतं. पण अण्णांनी पाठ ताठ केली आणि खरंच तयारी केली. ओठ हलले. "आईच्या," असं म्हणाले. भावाचा पहिला शब्द तोच होता. मग पुढचा शब्द सापडेना. चेहरा लाल झाला. "थोडे... थोडी..." म्हणाले, आणि तेही सोडून दिलं. मी राहू द्या अण्णा, असं म्हणणार होते. तेवढ्यात ते थांबले, आईकडे बघितलं, आणि अडखळत पण एकेक शब्द स्वच्छ बोलले.

"हिला न्यायची. मला तुज्याकडं. ह्ये घर बंद. मग... मग आमची गाठ न्हाई."

भाऊ माझ्याकडे वळला, मग परत अण्णांकडे. "मी असं म्हणालोच नाही," तो म्हणाला. ते खरं होतं. त्यानं वापरलेल्या शब्दांपैकी जवळजवळ एकही अण्णांच्या सांगण्यात नव्हता. थोडे दिवस नव्हतं, सोय नव्हती, सावकाश नव्हतं. आणि तरीही गेले दोन महिने आम्ही फोनवर जे ठरवत होतो आणि एकमेकांनाही उघड म्हणत नव्हतो, ते नेमकं तेवढंच होतं. माझ्या घरात आई रुळली की तिला परत आणायची नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आई म्हणाली, "म्हणला न्हाईस तू. पर त्येंनी बरोबर सांगितलं."

भावानं मान खाली घातली. मला वाटलं होतं तो चिडेल. तो चिडला नाही, शर्टाच्या बाहीनं त्यानं तोंड पुसलं. तेव्हा मी त्याला थेंबांचं सांगितलं. मटार सोलताना मी काय बोलले, दुसऱ्या दिवशी काय बघितलं, बाटली कपाटात कुठे होती, सगळं. वर्गात सांगितलं होतं तेही सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "अक्का, महिना झाला याला."

मग मी अण्णांच्या समोर जाऊन खाली बसले. त्यांना म्हटलं, आईची इंजेक्शनं तीन आहेत, तीन महिने लागतील. तोवर तुम्ही दोघंही माझ्याकडं. जिना आहे, चढायला वेळ लागेल, लागू दे. इंजेक्शनं झाली की दोघंही परत हितंच, ह्याच घरात.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले, खरं बोलतेय का ते बघावं तसं. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि पाय ओढत आत गेले. बाहेर आले ते काखेत दोन शर्ट, एक धोतर आणि हातात दाढीचा डबा घेऊन. दाराशी वाकून त्यांनी आईच्या पिशवीतल्या साड्या एका बाजूला सारल्या, आपले कपडे त्यांच्या शेजारी दाबून बसवले, वर डबा ठेवला. पिशवीची चेन काही लागेना. दोनदा ओढून बघितली, आणि मग ती तशीच धरून माझी वाट बघत उभे राहिले.